वाळवंटात कॅरव्हान: फ्रीजचं स्टिकर, फुफाटा आणि फिरलेला बेत

आमच्या कॅरव्हानची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराची, मापं, वजन, टाकीची क्षमता माहितीपत्रकात आहेच, ती पुन्हा उगाळत नाही. चासिस दणकट, सस्पेन्शन उत्तम, वाळूत टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की मागे मागे निमूट येते. कौतुक संपलं. आता फ्रीज.

यात गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन, म्हणजे उष्णतेच्या जोरावर थंडावा करणारा, फ्रीज येतो. थंडीत मी त्याचे गोडवे गात होते. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. कॉम्प्रेसर नाही, त्यामुळे रात्री चिटपाखराइतकाही आवाज नाही. गॅसही बेताचाच लागतो. आम्ही दोघं घर विकून वर्षभर यातच राहायचं म्हणत होतो, तेव्हा या फ्रीजचा त्यात मोठा वाटा होता.

मग ऊन तापलं. दुपारी पारा चाळिशीपार गेला आणि आतलं दूध संध्याकाळपर्यंत फाटायला लागलं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, “मॅडम, गाडी सपाट जागी होती का?” हा फ्रीज कललेला चालत नाही, हे खरं आहे. मी लेव्हलवरच्या बुडबुड्याचा फोटो पाठवला. मग म्हणाले, मागची जाळी साफ करा. केली. मग म्हणाले, जादा पंखा बसवून घ्या, त्याचे पैसे वेगळे. वॉरंटीत का नाही, याला उत्तर नाही.

भाजीचा खण काढून पुसताना बाजूच्या भिंतीवर छोटं स्टिकर दिसलं. मॉडेल नंबर, गॅसचा दाब आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘क्लायमेट क्लास एस-एन’. एस-एन म्हणजे बाहेरचं तापमान १० ते ३२ अंश असेल तिथे वापरायचा. ४३ अंशांपर्यंतचा वर्ग ‘टी’. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर वाळूच्या टेकडीवर उभी कॅरव्हान आणि आत ३२ अंशांचा फ्रीज! तुम्ही घेणार असाल तर गाद्या-पडदे नंतर बघा, आधी फ्रीजचं दार उघडून हे स्टिकर वाचा.

दुसरा ताप फुफाट्याचा, आणि त्याचं मूळही हा फ्रीजच. पन्हाळी पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर तासभर गाडी हाकली की आत पीठ चाळल्यासारखी धूळ. सर्व्हिसवाल्यांनी दाराचं रबर बदलून बिल फाडलं. धूळ तेवढीच. मी फ्रीजमागच्या, कॅरव्हानच्या बाहेरच्या भिंतीतल्या दोन्ही जाळ्यांना आतून पांढरा कागद चिकटवून बघितला, तो विटकरी होऊन निघाला. धावत्या कॅरव्हानमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो, त्यामुळे मिळेल त्या फटीतून हवा आत ओढली जाते. या जाळ्या बंदही करता येत नाहीत, कारण गॅसच्या ज्योतीला हवा लागते.

शेवटी फ्रीज काढला आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसवला. जुनी गॅसलाइन फिटरकडून बंद करून घेतली आणि मगच बाहेरच्या जाळ्या पत्र्याने सील केल्या. जमिनीलगतचा गॅसचा व्हेंट मात्र उघडाच ठेवलाय. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळे तो कुणीही बुजवू नये. छतावर पुढे तोंड केलेली, फिल्टरवाली हवेची झडप बसवली. गाडी धावत असताना ती आत हवा ढकलते, दाब वाढतो, धूळ बाहेर. इतकी स्वस्त गोष्ट कंपनीने आधीच का दिली नाही, याचा राग अजून आहे.

कॉम्प्रेसर गुणगुणतो. नवऱ्याला झोप लागत नाही, मला लागते. पण आता सगळा भार बॅटरीवर आला. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १.२८ किलोवॅट-अवर, भर उन्हाळ्यात त्यातला अर्धा हिस्सा एकटा फ्रीज दिवसाकाठी गिळू शकतो. वाळवंटात ऊन फुकट म्हणावं, तर सोलर पॅनल तापलं की वीज घटते: २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के. पॅनल स्वतः ६५ अंशांवर गेलं की बारा ते सोळा टक्के गेलेच. त्यावर एसी चालवायचा हिशेब मी कागदावर मांडला आणि कागदच मिटून ठेवला.

त्यामुळे घर विकायचं रद्द, भाड्याने द्यायचं. भाडं येत राहील, आणि कॅरव्हान बिघडली तर डोक्यावर छप्पर राहील. वाळवंट फक्त थंडीत. उन्हाळ्यात डोंगरावर जायचं: हजार मीटर चढलं की सुमारे साडेसहा अंश उतरतात, म्हणजे दोन हजार मीटरवर तेरा. एसीचा खर्च डिझेलमध्ये गेला तरी परवडतं. नवरा मात्र अजून बारा महिने वाळूतच राहायचं म्हणतो. त्याला मी बॅटरीचा आकडा बघायला बसवते.

जुना फ्रीज विकायला काढलाय. थंड हवेत, सपाट जागी मुक्काम करणाऱ्याला झकास आहे. स्टिकर तसंच ठेवलंय, वाचूनच घ्या.