बाटलीतली सोलकढी: झँथन घालावं की जेलन?

खानावळीत सोलकढी सकाळी काढतात, दुपारच्या जेवणाबरोबर संपते. वर साय धरली तर पळीने ढवळायची, झालं. तिथे झँथन, जेलन हे कढी एकजीव ठेवणारे डिंक लागतच नाहीत. बाटली भरून चार-पाच दिवस विकायची असेल, तरच पुढे वाचा.

नारळाच्या दुधात तेलाचे थेंब सुटे राहतात ते प्रथिनांच्या वेष्टनामुळे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पडलं की सामू (आंबटपणाचं माप, pH) ४ च्या आसपास उतरतो. तिथे या प्रथिनांवरचा विद्युतभार जवळजवळ संपतो, थेंब एकमेकांना चिकटतात आणि वर चढतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून फ्रीजमध्ये वरच्या सायीची चकतीच होते.

दोन्ही डिंक जिवाणूंनी बनवलेले. झँथन देणारा जिवाणू म्हणजे कोबीला काळी कूज आणणारा झँथोमोनास. जेलन येतं स्फिंगोमोनासकडून. दोघंही थेंबाला वेष्टन घालत नाहीत, आजूबाजूचं पाणी अडवून धरतात. म्हणून आधी मिक्सरमध्ये थेंब बारीक करा: थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो.

झँथन थंड पाण्यात विरघळतं. लिटरला १ ते १.५ ग्रॅम पुरे. १० ग्रॅम कोरड्या साखरेत नीट मिसळून फिरत्या पाण्यात भुरभुरा, नाहीतर आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या होतात. अर्धा तास फुगू द्या, मग नारळाचं दूध, आगळ सगळ्यात शेवटी. आगळातल्या मिठात झँथन फुगायला फार वेळ घेतं. ३ ग्रॅमच्या पुढे कढी बुळबुळीत लागते. पण बहुतेकांचं चुकतं ते उलट बाजूला. ‘जपून’ म्हणून पाव-अर्धा ग्रॅम घालतात. एवढ्या कमी झँथनने थेंब एकत्र ढकलले जातात, पाणी मात्र त्यांना धरून ठेवण्याइतकं दाट होत नाही. झँथन घातलंच नसतं तर साय जेव्हा आली असती, त्याहून लवकर येते.

जेलन (हाय-असिल प्रकार मागा) लिटरला ०.३ ते ०.५ ग्रॅम. कढी पातळच राहते, घोटाघोटाने पिता येते. चवीत झँथनपेक्षा सरस. मात्र ते ८५ अंशांच्या पुढे तापलेल्या पाण्यातच विरघळतं, आणि नारळाचं दूध तेवढं तापवलं तर फुटतं. म्हणजे वेगळ्या पातेल्यात पाणी तापवायचं, कोमट दूध त्यात ओतायचं आणि थंड होईपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही. थांबलात की जेलीचे तुकडे. शिवाय ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

घरगुती उद्योगाला आमचा कौल झँथनलाच. जेलनकडे वळा ते थर्मामीटर आणि सतत फिरणारा स्टरर आल्यावर. लेबलवर स्टॅबिलायझर म्हणून झँथनला ४१५, जेलनला ४१८ हा आयएनएस (खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचा आंतरराष्ट्रीय) क्रमांक लिहा.

आणि हो, साय थांबली म्हणजे नासणं थांबलं असं नव्हे. बाटली ४ अंशांवर ठेवा. झाकण फुगलं तर ओतून द्या, मग कढी कितीही एकजीव दिसो.