जुन्या कोब्यावर लिनोलियम: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर सिमेंटचा कोबा आहे. कितीही पोछा मारा, त्याची भुकटी निघतच राहते. तोडफोड नको म्हणून घरमालकांनी टाइल्सला नाही म्हटलं. तेव्हा मार्चमध्ये इतवारीतून लिनोलियम, म्हणजे रोलमध्ये मिळणारी अंथरायची फरशी, आणून हॉल आणि झोपायच्या खोलीत टाकलं. आता दिवाळी आली.

आधी मालाबद्दल. बाजारात लिनोलियम म्हणून मिळतो तो बहुतेक पीव्हीसीचा छापील रोल. आमच्या दुकानदाराने तरी लपवलं नाही. "ताई, हे पीव्हीसी आहे, लोक लिनोलियमच मागून राहिले तर मी काय करू?" खरं लिनोलियम जवसाच्या तेलाचं. ते तेल हवेने घट्ट करून त्यात राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा, चुनखडीची भुकटी कालवतात आणि ज्यूटच्या कापडावर दाबतात. १८६३ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने त्याचं पेटंट घेतलं. विदर्भात जवस चटणीपुरता घरोघरी असतो, पण जवसाची फरशी मला इथल्या दुकानांत दिसली नाही. खऱ्यात रंग बहुधा पूर्ण जाडीत असतो, म्हणून ओरखडा चटकन दिसत नाही. पीव्हीसीत डिझाइन वरच्या पातळ थराखाली असतं. दारात, जिथे सगळे पाय पुसतात, तिथलं लाकडी डिझाइन आताच फिकट झालंय. आमचं दीड मिलिमीटरचं आहे.

टाकताना कोब्यातले खड्डे आधी भरून घ्या, नाहीतर प्रत्येक खड्डा वर उमटतो. रोल उलगडून दिवसभर तसाच पसरून ठेवला की सुरळीचा बाक जातो. भिंतीलगत बारीक फट सोडा आणि ती पट्टीखाली झाका. आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीला भिडवून बसवलं होतं, मे महिन्यात मधोमध फुगवटा आला.

खरी परीक्षा कूलरने घेतली. खिडकीतल्या कूलरचं पाणी भिंतीवरून ओघळून कडेने आत शिरलं. वरून फरशी कोरडी दिसायची, पण खोलीला कुबट वास यायला लागला. कोपरा उचलला तर खाली काळी बुरशी. पीव्हीसीतून पाणी वाळत नाही, ते आतच राहतं. आम्ही कूलरखालचा पट्टा कापून टाकला आणि तेवढा कोबा उघडा ठेवला, तेव्हापासून वास नाही. तळमजल्यावर जमिनीची ओल वर येते, तिथे मी हे टाकणारच नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट खटकली. रात्री गार कोब्यावर नुसतं आडवं होण्यात जे सुख होतं, ते गेलं. पाठ चिकटते, सतरंजी लागतेच. आईने तर पहिल्याच आठवड्यात मत दिलं, "दिसते छान, पण निजाले काही कामाचं नाही."

झाडपूस मात्र अर्ध्यावर आली, हे कबूल करायलाच हवं. साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण पुरतो. खरं लिनोलियम असेल तर सोडा किंवा तीव्र क्लीनर अजिबात नको, अल्कलीने ते खराब होतं. पीव्हीसीला तेवढी भीती नाही. त्याचा शत्रू वेगळाच: रबरी तळाचं पायपुसणं. त्याखाली पिवळा डाग पडला, तो काही केल्या जात नाही. आता सुती पायपुसणं ठेवलंय. महालक्ष्म्यांच्या जेवणात पंगतीत सांडलेल्या वरणाची हळद लगेच पुसली म्हणून वाचलो, पण पुरणाचं गरम पातेलं कोणीतरी थेट खाली ठेवलं आणि गोल खूण कायमची बसली. स्वयंपाकघरात टाकायचा विचार तिथेच सोडला.

भाड्याच्या घरात हॉलसाठी मी हे पुन्हा घेईन, पण दोन मिलिमीटरचं आणि मॅट फिनिशचं. चकचकीत फरशीवर ओला पाय सटकतो. कापून उरलेले तुकडे फेकू नका. पातेल्याच्या खुणेवर उरलेला तुकडा डिझाइन जुळवून ठेवला, धारदार कटरने दोन्ही थर एकत्र कापले आणि खाली डबल टेप लावून बसवला. सांधा वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.