तासाभराच्या सायलेन्सरला आठवडा, आणि बेंड पाइप गायब

आधीच सांगतो, मला सायलेन्सरमधून फटाके फोडत फिरायची हौस नाही. कोकम-काजूचा माल घेऊन सागरी महामार्गावर माझी मोटारसायकल बारा महिने पळते. खाऱ्या हवेने कंपनीचा सायलेन्सर तळातून सडला होता, म्हणून स्टेनलेस स्टीलचा बाहेरच्या कंपनीचा बसवायचं ठरवलं. समुद्राकाठी राहणाऱ्याला यात काय गैर आहे, ते कुणी समजावून सांगावं.

गॅरेज रत्नागिरी जिल्ह्यातलं, महामार्गालगतचं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या तोच माझ्यावर दावा ठोकायचा. सायलेन्सर ७,४०० रुपये, फिटिंग ८००, असं ठरलं. "ठेवून जावा गाडी, दोन दिवसांत फोन करतो."

दोन दिवस कशाला? नुसता मागचा डबा बदलायचा, तर क्लॅम्प सैल करायचा, ब्रॅकेटचा बोल्ट काढायचा, जुना ओढून नवा सरकवायचा. अर्धा तास, फार तर एक तास. बेंड पाइपसकट, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीसकट, अख्खी सिस्टिम असेल, नळीवरचा धूर तपासणारा सेन्सर काढून परत लावायचा असेल, तरी दोन-तीन तास. आपल्याकडे गंजलेले बोल्ट हटत नाहीत हे खरं, तेल मारून रात्रभर ठेवावे लागतात. इंजिनचा स्टड, म्हणजे नळी धरून ठेवणारा इंजिनात रुतलेला बोल्ट, तुटलाच तर ड्रिल मारून काढण्यात आणखी एक दिवस जातो. पण तुटलेला स्टड दाखवता येतो. मला कुणी काही दाखवलं नाही, फक्त फोनवर ऐकवलं, "वायच दम धरा दादा, वेल्डिंगवाला आला नाय."

आता जे आठवलं की अजून झोप उडते ते. मधेच मी न कळवता गेलो. माझी गाडी कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली, सीटवर आंब्याचे रिकामे खोके. नवा सायलेन्सर बॉक्समध्ये, वरची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही. आणि पुढचा बेंड पाइप मात्र गाडीला नाही! ज्या कामाला हात लावायचा ते बंद खोक्यात, आणि ज्याला हात लावायची गरजच नाही ते काढून नेलेलं. विचारलं, तर म्हणाला, "आतून फुटलाय, गळतोय. चिपळूणला दाखवायला धाडलाय." त्याच क्षणी गाडी टेम्पोत घालायला हवी होती, असं आता सगळेच सांगतात. पण इंजिन उघडं, पावसाचे चार थेंब पडायला लागलेले, संध्याकाळी माल पोचवायचा. डॉक्टरने पोट उघडल्यावर भावात घासाघीस कोण करतो?

बेंड पाइपला एवढं काय, असं वाटेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, असतो, माझ्या गाडीत तो बेंड पाइपमध्येच होता. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, म्हणून भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो. गाडी चार दिवस का ठेवून घेतात याचं उत्तर तिथेच आहे.

शेवटी हातात पडलेलं बिल, वहीच्या कागदावर: सायलेन्सर ७,४००, फिटिंग ८००, "नवीन" बेंड पाइप ४,६००, गॅस्केट ३५०, मॅपिंग २,५००, गाडी सांभाळल्याचे ५००. एकूण १६,१५० रुपये. मॅपिंग म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं! लॅपटॉप सोडा, तिथे साधा कॅल्क्युलेटर नव्हता, बेरीज मी केली. जुना बेंड पाइप मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला". पुढे पीयूसीत गाडी नापास झाली, तेव्हा ओळखीच्या मिस्त्रीने तो "नवीन" पाइप उतरवून आरपार उजेड दाखवला. आत काहीच नाही, पोकळ नळी. कंपनीच्या बेंड पाइपचा भाव मला ११,८०० सांगितलाय.

जुना सुटा भाग गाडीबरोबर परत घ्यायचा, आणि ही अट गाडी ठेवण्याआधी घालायची.

मग पोलीस ठाणं. तिथे पहिला प्रश्न, "सायलेन्सर बदललाच कशाला?" मी चोरी सांगतोय आणि साहेब मला मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) ऐकवतायत: आवाज-धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद. अहो, मी डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातला आवाज दाबणारा तुकडा, काढलेला नाही, आवाज ८० डेसिबलच्या आत राहावा म्हणून मुद्दाम ठेवलाय! तर म्हणे "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." माझी वस्तू विश्वासाने ठेवायला दिली आणि ती विकली, यात दिवाणी काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ कशासाठी आहे? परिवहन कार्यालयात गेलो, तर गॅरेज त्यांच्या अखत्यारीत नाही. पण माझी नापास गाडी मात्र बरोबर त्यांच्या अखत्यारीत! पक्कं बिल नाही म्हणून तिसऱ्या टेबलावरच्या माणसाने मलाच करचुकव्यांचा साथीदार ठरवलं. चोर गल्ल्यावर बसलाय आणि जबाब माझा चाललाय. खिडकी उघडी असते, माणूस जेवायला गेलेला असतो, आणि जेवून आला की साहेब मीटिंगला.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलाने "आधी पाच हजार भरा" म्हटलं तर उठून या.

गाडी देताना बेंड पाइपचा, सेन्सरचा, किलोमीटरचा फोटो काढा, मालकासमोर काढा. जमलं तर तिथेच स्टूल टाकून बसा. "पार्टी बसली की काम होत नाय" म्हणणाऱ्याकडे काम देऊच नका. पैसे यूपीआयने द्या. मी १०,००० रोख दिले, कारण त्याचं "नेटवर्क गेलेलं", आता त्या दहा हजारांचा पुरावा माझ्याकडे नाही. उरलेल्या ६,१५० चा आहे, आणि आयोगातली तक्रार त्याच्यावर उभी आहे.

हाच प्रकार याच पट्ट्यात आणखी कुणाच्या बेंड पाइपबरोबर झाला असेल तर ते वहीचं पान फाडू नका. पुरवणी पुरावा म्हणून मला तेच हवंय.