ह्यांच्या अटॅकनंतर 11 महिने स्टॅटिन: आमचा अनुभव

ह्यांना हार्ट अटॅक आला त्याला 11 महिने झाले. स्टेंट बसला आणि डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांखाली ॲटोर्वास्टॅटिन 80 मिलीग्रॅम (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) लिहून आलं. आकडा बघून मी दचकलेच, कारण शेजारच्या काकांना कोलेस्टेरॉलसाठी 10 ची गोळी आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी समजावलं की अटॅकनंतर सुरुवातच मोठ्या डोसने करतात, ॲटोर्वा 40 ते 80 किंवा रोसुवास्टॅटिन 20 ते 40. नुसता रिपोर्ट सुधारायचा नसतो, रक्तवाहिनीतला चरबीचा थर पुन्हा फुटू नये हे बघायचं असतं.

ह्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ॲडमिट केलं तेव्हा 138 होतं, सहा आठवड्यांनी 64 आलं. मात्र जिना चढताना मांड्या दुखायला लागल्या. घराजवळच्या डॉक्टरांनी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासलं, ते ठीक निघालं. तरी "कोलेस्टेरॉल नॉर्मल झालंय" म्हणून त्यांनी गोळी थेट 10 वर आणली. दुखणं थांबलं, आम्ही खूश. तीन महिन्यांनी एलडीएल 89! लॅबच्या कागदावर तेही नॉर्मलच, 100 च्या आत.

ती 100 ची रेघ अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी नाही, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर! युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाचं एलडीएल 55 च्या खाली हवं आणि मूळ आकड्याच्या निम्म्यावर तरी यायला हवं. म्हणजे 64 सुद्धा पुरेसं नव्हतं, आणि तेही 80 ची गोळी होती म्हणून.

तज्ज्ञांनी पुन्हा 80 दिली नाही. रोसुवास्टॅटिन 20 आणि जोडीला एझेटिमाइब 10 सुरू केली. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं. एझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते, म्हणून दोन्ही गोळ्यांच्या जोडीने एलडीएल चांगलं उतरतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसह 18,000 हून जास्त रुग्णांवरच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जोडीने पुढचे झटके कमी झाले होते.

आता एलडीएल 51 आहे, मांड्याही दुखत नाहीत. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, म्हणून तीही तपासतो. फाइलच्या पहिल्याच पानावर मी एलडीएलचे चारही आकडे तारखेसह लिहिलेत. गोळी बदलायची गोष्ट कुणी काढली की ते पान आधी पुढे करते.