हँडल उंच करायचंय: रायझर की नवा हँडलबार?

रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, म्हणजे ४११, बसून चालवताना सहा फुटी माणसालाही फारशी छळत नाही. डांबर संपतं, फूटपेगवर उभं राहावं लागतं, आणि मग कंबर वाकते, मान पुढे येते, सगळा भार मनगटांवर जातो. हँडल उंच करायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात तिथूनच येतो.

रायझर म्हणजे वरची टी (फोर्कची वरची टोकं धरणारी पट्टी) आणि हँडल यांच्या मधे बसणारे अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे आणि लांब बोल्ट. हँडल तेच, ग्रिप तेच, स्विच तेच. घरीसुद्धा तासाभरात काम होतं. एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगत नाही. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मागे कललेला असतो, त्यामुळे रायझर हँडलला सरळ वर नेत नाही, थोडं तुमच्याकडेही आणतो. कल २५ अंशांचा धरला, तर ३० मिमीच्या रायझरने हँडल साधारण २७ मिमी वर आणि १२-१३ मिमी मागे येतं. लांब हातांच्या माणसाला उभं राहताना हेच मागे येणं खुपतं, आखूड हातांच्याला आवडतं. काही रायझर हँडल पुढे सरकवणारेही मिळतात. सहा फुटी माणसाने तेच बघावेत.

नवा हँडलबार घेतला की उंचीबरोबर रुंदी आणि मागे येणारा बाकही निवडता येतो. मनगट वाकडं पडत असेल तर रायझर लावून उपयोग नाही, कारण मनगटाचा कोन बाकावर ठरतो. पण काम वाढतं: ग्रिप, आरसे, स्विच, सगळं काढून चढवायचं. स्विचच्या आतली बारीक खुंटी बसायला नव्या पाइपला भोक पाडावं लागू शकतं. व्यासही बघा. साधा पाइप २२ मिमीचा, फॅटबार (मधे जाड असलेला बार) हँडल पकडणाऱ्या क्लॅम्पपाशी २८.६ मिमीचा, तो बसवायला क्लॅम्पही बदलावा लागतो, म्हणजे खर्च तिथेही. शिवाय पूर्ण वळवल्यावर हँडल टाकीला टेकतं का, हे बसवल्याशिवाय नीट कळत नाही.

दोन्हीत खरी मर्यादा घालते हँडलपासून रेस आणि क्लचकडे जाणारी केबल. मी आधी हौसेने ५० मिमीचे रायझर लावले होते. मेकॅनिक म्हणाला, ‘चालतंय, बिनधास्त जा.’ ताम्हिणीत यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळलं आणि रेस आपोआप वाढली! केबल ताणली गेली होती. दुसऱ्याच दिवशी ३० मिमीवर आलो. त्याहून वर जायचं तर लांब केबल आणि लांब ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) घ्यायचा, ब्लीडिंग करायचं, म्हणजे ऑइलमधली हवा काढायची, आणि एबीएस असेल तर ते जाणत्या हातानेच. नव्या हिमालयन ४५० मधे थ्रॉटल बाय वायर आहे, म्हणजे रेस केबलऐवजी विजेच्या वायरने चालते, तिथे रेसच्या केबलचा प्रश्न नाही. पण क्लच केबल, होज आणि वायरिंगचा आहेच.

फक्त हायवेवर पाठ दुखते म्हणून हँडल उंच करणार असाल, तर मी दोन्हींना नकोच म्हणेन. ताठ बसलं की छातीवर वारा जास्त येतो आणि भार मनगटांवरून माकडहाडावर जातो. पुणे-गोवा एका दमात केलेल्याला माकडहाड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आधी क्लॅम्प सैल करून आहे तेच हँडल थोडं फिरवून बघा, लिव्हरचा कोन बदला. हे फुकट आहे.

उभं राहून चालवायचं असेल तर ३० मिमीपर्यंतचा रायझर. मनगट दुखत असेल, हँडल अरुंद वाटत असेल, तर नवा बार. डोक्याएवढ्या उंच हँडलचा मात्र विचारही नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि केबलचं वर सांगितलंच.

काहीही लावलंत तरी दुकानातून निघण्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा, म्हणजे शॉकअप पूर्ण उघडेल. इंजिन चालू, न्यूट्रल. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. रेस जराही हलली किंवा होज ताणलेला दिसला, तर लावलेलं तिथल्या तिथे काढायला लावा.