बी. रघुनाथ दालन : तालुक्याच्या वाचनालयातील दोन कपाटे

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने लेखक बी. रघुनाथ यांच्या नावाने दालन सुरू केले आहे. दालन हा शब्द जरा मोठा झाला. वर्तमानपत्रांच्या टेबलामागची एक भिंत, दोन लोखंडी कपाटे आणि चार खुर्च्या एवढाच त्याचा पसारा आहे. गेल्या दोन महिन्यांत तेथे बऱ्याचदा बसून आणि तेथील पुस्तके घरी नेऊन वाचल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

सातोना येथे 1913 साली जन्मलेले आणि निजामाच्या राजवटीत परभणीला बांधकाम खात्यात कारकुनी केलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, 7 सप्टेंबर 1953 रोजी, चाळिशीतच गेले. मात्र तेवढ्या अवधीत कविता, कथा आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांत त्यांनी केलेले लेखन वाचनालयात शोधणे आजवर मोठे जिकिरीचे होते. जुन्या दाखल नोंदवहीत त्यांची काही पुस्तके ‘कुलकर्णी’ म्हणून ‘क’मध्ये, काही ‘रघुनाथ’ म्हणून ‘र’मध्ये आणि उरलेली ‘बी’ म्हणून ‘ब’मध्ये चढवलेली होती, त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तके तीन कपाटांत विखुरली होती. ग्रंथपालांनी ती सगळी एकत्र आणून मागची प्रत्येक नोंद नव्या जागेशी जोडली आहे. उद्‌घाटनाच्या फलकावर या कामाचा उल्लेख नाही, पण माझ्या मते दालनातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे भिंतीवर लावलेला, सुवाच्य अक्षरातील शब्दांचा तक्ता. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी, गिरदावर म्हणजे महसूल खात्यातील मंडळ निरीक्षक, असे निजामी कचेरीतील शब्द त्यात अर्थासह दिले आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीला त्यांचा अर्थ विचारावा लागत नसे. आजच्या महाविद्यालयीन मुलांना मात्र त्या काळातील कथा वाचताना पानोपानी अडखळावे लागते. तक्त्यात आणखी शब्दांची भर पडावी, तेवढी जागा भिंतीवर आहे.

तक्रार आहे ती कुलुपाची. ‘हिरवे गुलाब’ आणि ‘बाबू दडके’ यांच्या जुन्या प्रती काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि त्याची किल्ली कार्यकारिणीच्या एका सदस्यांकडे असते, जे सायंकाळी सहानंतरच येतात. जीर्ण प्रती घरी देऊ नयेत हे मान्य. परंतु ग्रंथपालांच्या देखरेखीखाली तेथेच बसून वाचण्याचीही सोय नसेल, तर बाहेरगावाहून एसटीने आलेल्या आणि परतीच्या गाडीची वेळ सांभाळणाऱ्या वाचकाने काचेतून केवळ मुखपृष्ठे पाहून जायचे काय? किल्ली ग्रंथपालांच्या खणात ठेवण्यास काही खर्च येत नाही. तसबिरीवरील प्लॅस्टिकचा हारही एकदा धुवावा.

‘आडगांवचे चौधरी’ आणि ‘जगाला कळले पाहिजे’ या कादंबऱ्या मात्र सभासदांना पंधरा दिवसांसाठी घरी मिळतात आणि वर्गणी परवडणारी आहे. ‘ओ’ ही कादंबरी हवी असल्यास संगणकावर शोधण्यात वेळ दवडू नये, कारण त्याला शोधासाठी किमान तीन अक्षरे लागतात. ती पहिल्या कपाटात, वरच्या फळीवर डावीकडे आहे.