पुणे–विजापूर–बदामी–हंपी, भाड्याच्या गाडीने: ड्रायव्हरला पाच स्टार, एजन्सीला दोन

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ह्यांचं लांबचं ड्रायव्हिंग बंद आहे, म्हणून फेब्रुवारीत पहिल्यांदाच ड्रायव्हरसकट गाडी केली. सहा दिवस, आम्ही दोघंच. एजन्सीचं नाव घेत नाही, पैशांवरून बोलणं अजून चालू आहे.

फोनवर ठरली होती ‘नवीन सेडान’. दारात आली ती चार लाख किलोमीटरला टेकलेली. डिकी उघडली तर आत सीएनजीचा सिलिंडर, आमची मोठी बॅग काही केल्या बसेना. वर कॅरिअर नाही. शेवटी ती मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मधे बसली आणि सहा दिवस तिथेच राहिली. वर सोलापुरात गॅसच्या रांगेत पाऊण तास गेला तो वेगळाच.

हिशेबाचंही सांगते. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. पण बदामीहून पट्टदकल-ऐहोळे करून परत आलं तरी जेमतेम ८० होतात. आमचे मीटरवर १,३४० झाले, बिल आलं १,८०० चं. १३ रुपयांच्या दराने ५,९८० रुपये न चाललेल्या रस्त्याचे! टोल, परमिट, ड्रायव्हरचा भत्ता वरून. तीनशेची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. मी विचारलं होतं, तेव्हा ‘मॅडम, सगळं धरून’ असं सांगितलं, राग त्याचा आहे.

आता ड्रायव्हरदादा. अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी नि कानडी दोन्ही घरचीच. विजापुरात पहाटे दार वाजवून म्हणाले, “काकू, शाळेच्या सहली यायच्या आत गोलघुमट करा.” गुडघे सांभाळत मनोऱ्याचा जिना चढले. वर सज्जात आम्ही दोघंच. हे चालत पार पलीकडे गेले, भिंतीकडे तोंड केलं, आणि माझ्या कानाशी आवाज आला, “बीपीची गोळी घेतलीस का?” घेतली नव्हती. दहा मिनिटांत एक शाळा आलीच, मग नुसता कल्ला.

बनशंकरी माझ्या माहेरचं कुलदैवत. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन बसतात. कितीला नि सोबत काय, हे दादांनी कानडीत विचारून घेतलं. पातळ भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, वर मडक्यातलं घट्ट दही. ठेचा बोटभरच घ्या, दादा म्हणाले; मी ऐकलं नाही. हॉटेलातलं त्या रात्रीचं जेवण आठवतही नाही.

ऐहोळ्याला सगळे दुर्ग मंदिर बघून परत फिरतात. दादांनी मेगुतीच्या टेकडीखाली गाडी उभी केली. वर मेगुतीच्या जैन मंदिराच्या भिंतीवर इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा शिलालेख आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने सम्राट हर्षाला हरवल्याचं सांगणारा. त्यात तीन ‘महाराष्ट्रकां’चाही, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचाही, उल्लेख आहे. हे इतिहासाचे मास्तर होते, चाळीस वर्षं वर्गात सांगितलेला दगड पहिल्यांदा समोर. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हंपीत मात्र दादांची गाडी विठ्ठल मंदिरापर्यंत जात नाही, पुढे बॅटरीच्या गाडीची रांग. दगडी रथापाशी सगळे त्याचंच चित्र असलेली ५० ची नोट धरून फोटो काढत होते, आम्हीही काढला. गाभारा रिकामा. भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, इथून मूर्ती पंढरपूरला परत नेली अशी आपल्याकडची परंपरा. बाहेर आल्यावर दादांना सांगितलं, तर म्हणाले, “बरं केलं. नाहीतर वारीला इतकं लांब यावं लागलं असतं.”

परतताना ५७० किलोमीटर एका दिवसात, एसी फक्त वारा घालत होता. रात्री साडेदहाला पोचलो. लिफ्ट बंद, बॅग दादांनीच तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवली.

ह्यांना पुढच्या वर्षी बेलूर-हळेबीड करायचंय, ह्याच दादांबरोबर. एजन्सीला विचारलं, तर ड्रायव्हर कोण येईल सांगता येणार नाही, गाडी मात्र नवीन देऊ म्हणाले. डिकीत सिलिंडर नसेल ना, म्हटलं.

“मॅडम, सीएनजी तर असणारच.”